दुहेरी अक्षरांचं नाणं: खरी मिंट एरर की नुसती चिल्लर?

भिंगारकर

१९९८ चा स्टीलचा एक रुपया समोर आहे. सालाखाली डायमंड, म्हणजे मुंबई टांकसाळ. आकड्याच्या बाजूला इंग्रजी 'रुपी'ची सगळी अक्षरं आणि सालाचे चारही आकडे दुहेरी दिसतायत. दुसरी कड सगळीकडे उजव्या अंगाला. सिंहांची बाजू स्वच्छ. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलं तर दोघं म्हणाले "डबल डाय, जपून ठेव", तिसरा म्हणाला "दुकानात जाऊन चॉकलेट घे".

तर जाणकारांनो, खरा डबल डाय आणि हे बाकीचं दुहेरी दिसणं यातला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? आणि एकूणच कुठल्या एरर, म्हणजे टांकसाळीत झालेल्या चुका, ठेवण्यासारख्या, कुठल्या रिक्षावाल्याला देऊन टाकण्यासारख्या?

अर्धा_आणा

लाखो मिळाले तर पुढच्या कट्ट्याचं बिल तुमच्याकडे. चॉकलेट मिळालं तर अर्धं इकडे पाठवा.

ठसेकर

तिसऱ्याचं ऐकायची तयारी ठेवा.

दुहेरीपणा दोन अगदी वेगळ्या वेळी येतो. नाणं ज्या डायने (ठशाने) छापतात तो डाय स्वतः एका हबने दाबून तयार होतो. हबवर नक्षी उठावाची, डायवर तीच खोल आणि उलटी, नाण्यावर परत उठावाची. जुन्या पद्धतीत एका दाबात नक्षी पुरती उतरत नसे. मग डाय भट्टीत तापवून मऊ करायचा आणि हब पुन्हा दाबायचा. त्या दुसऱ्या दाबाला हब केसभर फिरला किंवा सरकला की डायवर दोन नक्ष्या बसल्या. हा खरा डबल डाय. त्या डायखालून गेलेलं प्रत्येक नाणं तसंच निघतं.

दुसरा प्रकार मशीन डबलिंग. त्यात डाय निर्दोष असतो. प्रेसमध्ये तो ढिला बसलेला असतो, किंवा ठोका देऊन मागे जाताना हिसका खातो, आणि नुकत्याच उठलेल्या अक्षरांना कडेने चेपत जातो. शिक्का मुळात दुहेरी कोरलेला असणं आणि शिक्का उचलताना हात हलणं, एवढा हा फरक आहे.

आता भिंगाखाली एकच गोष्ट शोधा: धातू कुठे गेला?

मशीन डबलिंगमध्ये जादा धातू येत नाही. अक्षराचाच काठ दाबला जाऊन खाली बसतो. त्यामुळे दुसरी प्रतिमा म्हणजे नाण्याच्या सपाटीला लागून असलेली एक बुटकी, सपाट पायरी. नव्या नाण्यावर ती बाकीच्यापेक्षा जास्त चकाकते, कारण तिथला धातू डायने घासलेला असतो. मूळ अक्षर मात्र तेवढ्याने बारीक झालेलं असतं.

डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमा उठावाच्या आणि गोलाईच्या असतात. दोन्ही मिळून अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं. सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे अक्षराची टोकं. रेघ संपते तिथे दोन टोकं वेगळी होऊन मध्ये बारीक खाच दिसते. ई, टी, एल अशा कोपरेवाल्या अक्षरांत ती चटकन सापडते.

त्याच सालचा, त्याच टांकसाळीचा साधा रुपया शेजारी ठेवा आणि ई ची उभी रेघ दोन्हीकडे तोलून पाहा. बारीक झाली असेल तर विषय संपला.

सनीवेलकर

ठसेकर, +१. अमेरिकन सेंटमध्ये यासाठी एक तयार जोडी आहे. १९५५ चा लिंकन सेंट, डबल डाय: साल आणि वरची वाक्यं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात, सगळं एकाच केंद्राभोवती फिरल्यासारखं. असे वीसेक हजार सेंट व्यवहारात गेले असं मानतात. त्याच १९५५ सालचा दुसरा एक सेंट आहे, ज्यात फक्त सालातला शेवटचा ५ दुहेरी भासतो. त्याला इकडे अमेरिकेत 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात. तो डाय झिजल्याने झालेला प्रकार आहे आणि किरकोळीत मिळतो. साल एक, देश एक, दोन्ही 'दुहेरी', पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

आणखी एक. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन टांकसाळ एकाच दाबात डाय बनवायला लागली. तेव्हापासून १९५५ सारखं ठसठशीत फिरलेलं दुहेरीपण जवळपास बंद झालं. आता जे निघतं ते नाण्याच्या मध्यभागी आणि बारीकसं. म्हणून कुठल्याही देशाच्या अलीकडच्या नाण्यावर, काठाजवळची सगळी अक्षरं जोरदार दुहेरी दिसली तर आधी संशय मशीनवर घ्यायचा.

खडूस_काका

ठसेकरांचं बरोबर, पण अर्धवट. आपल्याकडच्या स्टीलच्या नाण्यांत निम्मी 'डबल डाय' प्रकरणं मशीन डबलिंगसुद्धा नसतात. ती झिजलेल्या डायची असतात.

फेरिटिक स्टेनलेस स्टील तांबे-निकेलपेक्षा कडक. डायवर मार जास्त, त्याचं आयुष्य कमी. तरी तो शेवटपर्यंत चालवला जातो. हजारो ठोक्यांनंतर धातू मधून काठाकडे वाहताना डायच्या खोल अक्षरांच्या कडा खात जातो. मग नाण्यावर अक्षराच्या मुळाशी एक धूसर, फुगीर, बोथट दुसरी कड येते. ती ना पायरी असते ना स्वतंत्र प्रतिमा. ओळखायची खूण अक्षरात नाही, अक्षराच्या आजूबाजूला आहे: मोकळ्या सपाटीवर काठाच्या दिशेने धावणाऱ्या बारीक रेषा आणि खरखर. कधी अक्षराच्या दोन्ही बाजूंना कड दिसते. हबच्या सरकण्याने हे होणार नाही, सरकणं एका दिशेला असतं.

१९९२ नंतरच्या एक रुपयात आणि स्टीलच्या पन्नास पैशात हा प्रकार रग्गड आहे. शून्य किंमत.

ठसेकर

काका, मान्य. भर घालतो: एकाच नाण्यावर दोन्ही असू शकतं, झिजलेला डाय आणि वर ढिला. तेव्हा पायरीही दिसते आणि खरखरही. किंमत तरी शून्य अधिक शून्य.

चिल्लर_पार्टी

माझ्या मोबाइलमध्ये तर प्रत्येक नाणं दुहेरी दिसतं :फिदी:

मायक्रोमॅक्रो

@चिल्लर_पार्टी, हसू नका, निम्मे धागे यातूनच निघतात.

रिंग लाइट किंवा दोन दिवे असले की प्रत्येक उठावाच्या दोन बाजूंना दोन सावल्या पडतात आणि फोटोत दुहेरी कड तयार होते. दिवा एकच ठेवा, टेबल लॅम्प पुरेसा, तोही तिरका. नाणं हळूहळू पूर्ण फिरवा. दुहेरी कड दिव्याबरोबर जागा बदलत गेली तर ती सावली. अक्षराच्या त्याच बाजूला चिकटून राहिली तर धातू.

मोबाइलचा डिजिटल झूम बंद. फोटो धारदार करणारी सेटिंगही बंद, ती स्वतःच्या मनाने कडा काढते. भिंग दहापटीचं घ्या, तीन काचांचं. चाळीस पट लिहिलेली स्वस्त भिंगं बहुतेक दहा-वीस पटीचीच असतात आणि कडेला रंग फुटतात. भिंग डोळ्याला लावा आणि नाणं वर आणा. भिंग नाण्यावर धरून लांबून बघितलं तर उपयोग नाही.

भिंगारकर

सगळ्यांचे आभार. दहापटीचं भिंग आहे, उद्या दिवसाउजेडी बघून लिहितो. तोवर दुसऱ्या प्रश्नाकडे वळा ना, ठेवण्यासारखं काय?

तराजू

दुसऱ्या प्रश्नात शिरण्याआधी एक काटा घ्या, ०.०१ ग्रॅमचा. सोबत व्यास मोजायला व्हर्नियर आणि लोहचुंबक. 'चुकीच्या चकतीवर (धातूच्या कोऱ्या तुकड्यावर) छापलेलं' म्हणून जे विकतात त्यातलं बहुतेक सगळं या तीन वस्तूंपुढे गळून पडतं.

आपल्या नाण्यांत गंमत अशी की मापं पुन्हा पुन्हा वापरली गेलीत. १९९२ चा स्टीलचा रुपया २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतला दोन रुपयाही २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. तेव्हा 'दोन रुपये एक रुपयाच्या चकतीवर' या वाक्याला अर्थच नाही. तसंच २०११ चा रुपया २२ मिमी, ३.७९ ग्रॅम आणि १९८८ पासूनचा स्टीलचा पन्नास पैसाही तेवढाच. २०१९ च्या मालिकेत रुपया आणखी लहान झाला, २० मिमी आणि ३.०९ ग्रॅम. तोही 'एरर' म्हणून विकायला ठेवलेला दिसतो.

पाच रुपयांचं तर विचारू नका. जाड तांबे-निकेलचा ९ ग्रॅमचा, मग स्टीलचा ६ ग्रॅमचा, मग पिवळा निकेल-पितळेचा ६ ग्रॅमचा. तिघांचा व्यास २३ मिमी. २००७ चा पाच रुपया चुंबकाला चिकटला म्हणून कोणी नाचू नये, तो स्टीलचाच आहे. उलट १९९० च्या दशकातला अकरा कोनांचा दोन रुपया चिकटला तर मात्र सावध व्हा, तो तांबे-निकेलचा असायला हवा. बनावट असण्याची शक्यता आधी, एरर नंतर.

खऱ्या चुकीच्या चकतीचं वजन त्या दुसऱ्या नाण्याच्या वजनाशी जुळतं. चकती लहान असेल तर नक्षी काठाला अर्धवट कापली जाते आणि कडेची उंच किनार नीट तयार होत नाही. वजन कशाशीच जुळत नाही आणि अक्षरं बारीक झालीत, तर नाणं ॲसिडमध्ये बुडवलेलं आहे.

खडूस_काका

तांब्याचा मुलामा चढवलेला स्टीलचा रुपयाही लिहा. 'तांब्याच्या चकतीवर छापलेला' म्हणून खपवतात. चुंबकाला चिकटतो, वजन ४.८५. संपलं.

कोयनाकाठ

सोपा नियम हवा असेल तर हा घ्या. नाण्यावर जादा रेष उठावाची असेल तर दोष डायमधला. डायला तडा गेला की त्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर वेडीवाकडी बारीक रेष उठते, बऱ्याचदा काठापासून निघून अक्षरांवरून जाणारी. रेष खोल गेलेली असेल तर ती बहुधा टांकसाळीबाहेर पडलेला ओरखडा.

अपवाद आहेत. ठोका बसताना मध्ये धागा, तारेचा तुकडा किंवा धातूचा कीस अडकला तर खोल ठसा उमटतो आणि तो खरा असतो. ओरखड्यात धातू बाजूला सरकून कडेला वरंबा येतो. अडकलेल्या वस्तूच्या ठशात वरंबा नसतो आणि तळ गुळगुळीत असतो. नखाने चाचपलं तरी कळतं.

डायला तडा गेलेले स्टीलचे रुपये पोत्याने मिळतात, त्यामुळे भाव जेमतेम. पण काठाचा तुकडाच डायमधून निखळला असेल तर नाण्याच्या कडेला बिनअक्षरांचा उंच गोळा येतो, आणि तो ठेवण्यासारखा. खात्री करायला नाणं उलटा: गोळ्याच्या बरोबर मागे नक्षी कमजोर असायला हवी, कारण धातू पोकळीकडे गेलेला असतो. मागची नक्षी टणक असेल तर कोणीतरी वरून डाग दिलाय.

स्वरमंडळ

'सत्यमेव जयते' नसलेलं नाणं? माझ्याकडच्या दोन रुपयांवर ते जवळजवळ दिसतच नाही.

कोयनाकाठ

ताई, तेलकट मळ. डायच्या खोल अक्षरांत वंगण आणि धातूची भुकटी साचते, मग तेवढी अक्षरं उठतच नाहीत. 'सत्यमेव जयते' इतकं बारीक आहे की सगळ्यात आधी तेच बुजतं. घासून काढलेलं असेल तर तिथली सपाटी चरे पडलेली दिसेल. मळाने बुजलेलं असेल तर सपाटी आजूबाजूसारखीच राहील आणि अक्षरांची पुसट सुरुवात-शेवट कुठेतरी जाणवेल. एखाद-दुसरं अक्षर गेलं तर काही नाही. एका बाजूचा अर्धा मजकूरच गायब असेल तर फोटो टाका.

पोपटराव_नाणेवाले

मा. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, काय भाव येईल? दहा रुपयांचं १५ रेषांचंपण आहे.

अर्धा_आणा

आले!

खडूस_काका

पोपटराव, वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं पाच रुपयांना आणि दहाचं दहा रुपयांना. २०१२ ची स्मारक नाणी आहेत, एरर नव्हेत, आणि भरपूर काढली होती.

दहाच्या नाण्यावरच्या १० रेषा आणि १५ रेषा ही वेगवेगळी डिझाइनं आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केलं की दहाच्या नाण्याची तोवरची १४ डिझाइनं चलनात वैध आहेत.

आणि कोणी "तुमचं नाणं दोन लाखांना घेतो, आधी जीएसटी आणि नोंदणीचे अडीच हजार भरा" म्हणालं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याचाच इशारा दिला होता: बँक अशा व्यवहारात नसते आणि तिच्या नावाने कमिशन मागायचा अधिकार कोणाला दिलेला नाही. घेणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही हो, देतो.

पोपटराव_नाणेवाले

धन्यवाद. मग १५ रेषांचं ११ ला देतो.

हिंगणेकर

थोडं अवांतर. आजोळी मिळालेल्या शिवराईवर 'छत्र' दोनदा उमटलंय आणि उरलेलं अर्धं नाण्याबाहेर गेलंय. एररमध्ये धरायचं का?

ठसेकर

नाही धरायचं. शिवराई हातोड्याने ठोकलेली. खाली एक ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा, वर दुसरा ठसा. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' पूर्ण बसलेली नाणीच कमी. दुसरा घाव घालताना तुकडा जरा हलला की अक्षरं दोनदा. या पद्धतीत तीच सर्वसाधारण गोष्ट आहे. शिवराईत भाव आहे तो अक्षरं किती पूर्ण बसलीत, वळण कसं आहे आणि तांबं किती शाबूत आहे याला. दुहेरी घाव असला तर उलट वाचायला अडचण, म्हणजे भाव थोडा कमीच.

एरर ही कल्पनाच यंत्रावरच्या नाण्यांची. सगळी नाणी सारखी निघायला लागली तेव्हा एखादं वेगळं निघणं ही चूक ठरली. शिवराईबद्दल पुढे वाचायचं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन या.

आणि १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाबद्दल कोणी विचारण्याआधी: राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तो मागे घेतला आणि १९१२ ला हत्ती सुधारला. डिझाइन गंडलं होतं, टांकसाळीने ते बरहुकूम छापलं. त्यामुळे तीही मिंट एरर नाही.

सनीवेलकर

हिंगणेकर, शिवराई इकडे अमेरिकेत आणायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर न्यायची मुभा नाही. आजोळचं असलं तरी.

लखीशोधक

धागा मूळ जागी आणतो. ठेवण्यासारखं म्हणजे माझ्या मते ठोक्याच्या आणि चकतीच्या चुका, कारण त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि प्रत्येक नाणं वेगळं असतं.

पहिली लखी, म्हणजे ब्रोकेज. आधीचं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावरच ठोकली जाते. एका बाजूला नेहमीची उठावाची नक्षी, दुसऱ्या बाजूला तीच नक्षी उलटी आणि खोल. खोट्या लख्या पकडीत तयार होतात: चांगल्या नाण्यावर दुसरं नाणं ठेवून शिकंज्यात आवळायचं. ओळखायला अवघड नाही. खऱ्या लखीत खोल नक्षीखाली त्या बाजूच्या मूळ नक्षीचा मागमूस नसतो, कारण ती तिथे छापलीच गेली नाही. शिकंज्यातल्या नाण्यावर चेपलेले सिंह किंवा आकडा खालून डोकावतो आणि मागची नक्षीही बसकी होते.

दुसरी ऑफ-सेंटर. इथे एक गफलत नेहमी होते. चकती सरकलेली असेल तर दोन्ही बाजूंची नक्षी सरकते. फक्त एकच बाजू सरकलेली आणि दुसरी मध्यावर असेल तर चकती जागेवरच होती, वरचा डाय बाजूला सरकला होता. त्याला फार भाव नाही. चांगल्या ऑफ-सेंटरमध्ये निम्म्याच्या आसपास नक्षी गेलेली आणि तरी साल वाचता येतं. साल गेलं तर किंमत पडते. पाच टक्के सरकलेलं तर जवळजवळ सगळीकडे मिळतं.

तिसरी कापलेली चकती. पत्र्यातून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर पडला की चंद्रकोरीसारखा तुकडा कमी. खरी असेल तर कापाच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला, काठाची किनार पुसट होते. किनार वळवायच्या यंत्रात त्या बाजूला दाब द्यायला समोर धातूच नसतो. शिवाय कापाजवळची अक्षरं त्या दिशेला ओढल्यासारखी पातळ होतात. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षरं कापापर्यंत ठणठणीत येतात आणि खाडकन तुटतात. समोरची किनारही धडधाकट असते.

मायक्रोमॅक्रो

दहाच्या दुधातूंचं राहिलं. मधला गोळा उलटा बसवलेलं नाणं सर्रास विकतात. कडं आणि गोळा ही जोडी ठोका बसतानाच एकमेकांत घट्ट होते. त्यामुळे खऱ्या सरकलेल्या गोळ्यात नक्षी गोळा आणि कड्याच्या सांध्यावरून सलग जाते, सांधा कुठेही असो. नंतर काढून बसवलेल्यात नक्षी सांध्यावर तुटते, गोळा हलतो, सांध्याला हत्याराचे ओरखडे असतात. टेबलावर टाकून आवाज ऐका, बद्द वाजतं.

मायक्रोमॅक्रो

वर 'द्विधातू' वाचावे. दूध नाही.

अर्धा_आणा

दुधातू मस्त आहे, राहू द्या.

खडूस_काका

दोन डायची चुकीची जोडीही लिहायला हवी होती. ब्रिटनचं २००८ चं बिनसालाचं वीस पेन्स: नव्या डिझाइनमध्ये साल पुढच्या बाजूला गेलं, पण पुढचा डाय जुनाच लागला. साल कुठेच नाही. ब्रिटिश टांकसाळीच्या अंदाजाने अशी किमान पन्नास हजार निघाली, तरी लोक दर्शनी किमतीच्या कितीतरी पट देतात. अशा जोडीत जादूवाल्यांची 'दोन्ही बाजूंना छापा' नाणी येत नाहीत. ती एक नाणं आतून कोरून त्यात दुसरं बसवलेली असतात. काठाच्या आतल्या अंगाला गोल सांधा भिंगाने दिसतो.

भिंगारकर

बघितलं. एक दिवा, दहापटीचं भिंग, शेजारी १९९८ चाच मुंबईचा दुसरा रुपया.

दुहेरी कड दिवा फिरवला तरी उजवीकडेच राहते, म्हणजे सावली नाही. पण ती बुटकी आणि सपाट आहे, बाकी नाण्यापेक्षा चमकदार. ई ची उभी रेघ शेजारच्या नाण्यापेक्षा स्पष्ट बारीक. आडव्या तीन रेघांच्या टोकांना खाच नाही, उजवीकडे सरळ घसरण आहे. मोकळा भाग गुळगुळीत, रेषा-खरखर नाही. वजन ४.८४.

ठसेकर

मशीन डबलिंग. नमुनेदार. डाय ताजा होता, म्हणून काकांची खरखर नाही, आणि ठोक्यानंतर उजवीकडून डावीकडे हिसका. दुसरी बाजू स्वच्छ असणंही त्यात बसतं, कारण सहसा एकच डाय ढिला असतो. अर्थात डबल डायमध्येही बहुधा एकच बाजू दुहेरी असते, त्यामुळे नुसत्या त्या एका मुद्द्यावर निकाल देऊ नये.

स्वरमंडळ

पण झालंय तर टांकसाळीतच ना? मग ती मिंट एरर का नाही?

ठसेकर

चांगला प्रश्न, आणि इथे जाणकारांतही मतभेद आहेत. झालं टांकसाळीत हे खरं. पण नक्षीचा ठोका पूर्ण झाल्यावर झालेली ती इजा आहे, म्हणून बहुतेक जण तिला एररमध्ये धरत नाहीत. माझा मुद्दा व्यवहाराचा: ती कुठल्याही दिवशी, कुठल्याही प्रेसवर, किती वेळाही होते. दुर्मीळ नाही.

लखीशोधक

किंचित असहमत. सालाचे आकडे अर्ध्याहून जास्त सरकलेत, नुसत्या डोळ्यांनी दिसतं, अशी ठळक मशीन डबलिंग घेणारे आहेत. दर्शनी किमतीच्या वर थोडेफार देतात. फक्त पाकिटावर 'मशीन डबलिंग' लिहून विकावं. 'डबल डाय' लिहून विकणं ही फसवणूक.

खडूस_काका

थोडेफार म्हणजे येण्याजाण्याचं भाडंसुद्धा सुटत नाही.

डबल डायचा दावा करायचाच असेल तर त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, हुबेहूब तसंच दुहेरी असलेलं दुसरं नाणं दाखवा. सरकण्याची दिशा तीच, अंतर तेच, शक्य तर डायचा एखादा बारीक तडाही तोच. डाय एक असेल तर जुळणारच. मशीन डबलिंगमध्ये दोन नाणी सहसा अशी जुळत नाहीत.

भिंगारकर

पटलं. तरी हा रुपया नमुना म्हणून ठेवतो. आता जरा चिंच लावून चमकवू का, फोटो चांगला येईल?

मायक्रोमॅक्रो

नको!! चिंच नको, पितांबरी नको, टूथपेस्ट नको. घासलं की पायरीची चमक आणि बाकी सपाटीची चमक यातला फरक जातो, म्हणजे तुमचा नमुनाच गेला. कोमट पाणी, पातळ साबण, मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, तांबे-निकेलच्या नाण्यांवर काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या. स्टेपलची टोकं चेपून टाका, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा, आणि मग त्याचा वेगळा धागा.

पोपटराव_नाणेवाले

एक शेवटचं. सिंह सरळ धरून नाणं पान उलटावं तसं उलटलं तर मागचा आकडा थोडा तिरका आहे. दोन रुपये.

कोयनाकाठ

पोपटराव, हा प्रश्न खरंच चांगला आहे. आपल्या नाण्यांत असं उलटल्यावर मागची बाजू सरळच यायला हवी. अमेरिकन सेंट असा उलटला तर मागची बाजू उलटी येते, तिथे तेच बरोबर, म्हणून परदेशी नाण्यांना हा नियम लावू नका.

दहा-पंधरा अंशांचा तिरकेपणा आपल्याकडे नेहमीचा, भाव नाही. नव्वदच्या पुढे असेल तर ठेवा, १८० असेल तर नक्की ठेवा. मोजायला कंपासपेटीतला कोनमापक घ्या. नाणं दोन बोटांत वर आणि खाली बरोबर मध्यावर धरा, बोटं न सरकवता उलटा. अंदाजे बघितलं तर वीस अंश इकडेतिकडे होतात.

पोपटराव_नाणेवाले

मोजलं. १२ अंश.

अर्धा_आणा

१३ ला द्या.